धागा: वाडीतल्या ट्रंकेत सापडलेले बडोद्याचे जुने फोटो – ओळख आणि साल लावायला मदत हवी

पोळकर

नमस्कार मंडळी. आत्याचं बडोद्याच्या वाडी भागातलं घर रिकामं करताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. वर शालू-पैठण्या आणि तळाला जाड पुठ्ठ्यावर डकवलेले तपकिरी फोटो. घरच्या माणसांचे कमी, इमारतींचेच जास्त. आत्याचे आजेसासरे संस्थानच्या बांधकाम खात्यात कारकून होते. तिथूनच हे घरी आले असणार, असा आमचा अंदाज. मोबाइलवर काढून खाली टाकतोय.

क्र. १: मोठा घुमट असलेली इमारत. पुढे मोकळं मैदान, एकही झाड नाही. भिंती जवळजवळ काळ्या. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात इंग्रजी नाव आणि एक आकडा.
क्र. २: अर्धवट बांधलेली प्रचंड इमारत, भोवती बांबूची परांची. मागे मोडीत दोन ओळी.
क्र. ३: हा कागद नाही, चौकोनी काच आहे. दोन काचा काळ्या कागदी पट्टीने कडेने चिकटवलेल्या. उजेडात धरली की तलाव आणि काठावर बायका दिसतात.
क्र. ४: पगडी-टोपीवाल्या विद्यार्थ्यांचा गट, मध्ये खुर्चीवर एक गोरे साहेब.
क्र. ५: रस्ता, टांगे आणि टोकाला घड्याळाचा मनोरा.

काय काय ओळखता येतंय ते सांगा. चुलतभाऊ सगळे रंगीत करून फ्रेम करायला निघाला होता, तूर्त त्याला थोपवून ठेवलाय.

काळाघोडा

क्र. १ म्हणजे आपलं बडोदा कॉलेज, आजची सयाजीराव विद्यापीठाची आर्ट्स फॅकल्टी. शंकाच नको. कॉलेज सुरू झालं १८८१ साली, त्याच वर्षाच्या शेवटी सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. इमारत वास्तुविशारद रॉबर्ट चिझमची. विद्यापीठ १९४९ला झालं, तोवर हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, त्यामुळे परीक्षेला पोरं गाडीत बसून मुंबईला जायची. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघालेले विनोबा मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले, ते याच कॉलेजातून.

घुमट आशियातला दुसऱ्या क्रमांकाचा आहे म्हणतात.

निगेटिव्हवाली

दुसऱ्या क्रमांकाचा, तिसऱ्या क्रमांकाचा… मोजमाप न सांगता असे क्रमांक लावण्यात काय अर्थ आहे? विजापूरचा गोलघुमट डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे आणि फार देखणा आहे, एवढं पुरे की.

पोळकर, फोटो छान आहेत, पण तुम्ही फक्त समोरची बाजू टाकलीत आणि पुठ्ठ्याच्या कडा कापल्यात. निम्मी माहिती तिथेच असते. पुठ्ठ्याची जाडी, कडेची सोनेरी रेघ, स्टुडिओचा छाप, पेन्सिलीतला आकडा, सगळं हवं. पाठीसकट परत टाका. फ्लॅश नको. उत्तरेकडच्या खिडकीपाशी सपाट ठेवा आणि शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. आणि काहीही झालं तरी फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायला जाऊ नका.

पोळकर

ताई, रात्री टाकतो. सोडवण्यावरून आठवलं, आणखी एक फोटो होता. बहुतेक लक्ष्मीविलास राजवाड्याचा, बांधकाम चालू असतानाचा. तो भावाने एका स्टुडिओत स्कॅन करायला दिला. त्यांनी “पुठ्ठा वाकडा आहे, नीट स्कॅन होत नाही” म्हणून पाण्यात भिजवून सोलला. परत आला तो विड्यांच्या पानांसारखा गुंडाळी होऊन, मधून चिरा पडलेला. पुठ्ठा टाकून दिला म्हणाले.

निगेटिव्हवाली

अरेरे. जाणूनबुजून नव्हे, पण हे सर्रास होतं. कारण ऐका. १८५५ ते ९५च्या दरम्यानचे बहुतेक फोटो अल्ब्युमिनचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अगदी पातळ कागदावर. हा कागद मोकळा ठेवला की गुंडाळतो, म्हणून छापल्याबरोबर जाड पुठ्ठ्यावर डकवायचे. पुठ्ठा हा फोटोचाच भाग आहे, वरची सजावट नव्हे. तुमच्या क्र. १ आणि २मध्ये पांढरा भाग पिवळसर झालाय आणि भिंगाखाली बारीक जाळीदार भेगा दिसतील. तो अल्ब्युमिनच. क्र. ५च्या कडांना तिरपं धरल्यावर चंदेरी झाक येतेय का बघा. येत असेल तर तो नंतरचा, जिलेटिनचा.

मद्रासकर

चिझमचं नाव वाचून आलो. नोकरीमुळे चेन्नईत राहतो. इथे समुद्रकिनाऱ्यावर विद्यापीठाचं सिनेट हाऊस आहे, १८७९ साली पुरं झालेलं, तेही याच गृहस्थांचं. त्रिवेंद्रमचं नेपियर म्युझियमही त्यांचंच. मद्रास सरकारची नोकरी करता करता हातात मुरलेली कमानींची आणि मनोऱ्यांची भाषा त्यांनी बडोद्यात आणखी मोकळेपणाने वापरली. बडोद्याहून आलेल्या पाहुण्यांना सिनेट हाऊस दाखवलं की “अरे, हे तर आपलं!” असं हमखास ऐकू येतं.

करवीरकर

आणि चिझमच्या आधीचे मँट विसरू नका! मेजर चार्ल्स मँट. आमचा कोल्हापूरचा टाऊन हॉल, सीपीआर हॉस्पिटल, नवा राजवाडा, सगळी मँटची कामं. लक्ष्मीविलासचा मूळ आराखडाही त्यांचाच. १८८१ला ते वारले आणि पुढचं काम चिझमकडे आलं. राजवाडा पुरा झाला १८९०च्या सुमारास. गणित चुकलं, इमारती कोसळणार, अशी धास्ती घेऊन मँटनी जीव दिला असं आमच्याकडेही सांगतात आणि तुमच्याकडेही.

कोर्टकचेरी

प्रत्येक मोठ्या इमारतीच्या बांधणाऱ्याबद्दल ही कथा असतेच. इमारत शंभर-सव्वाशे वर्षं ठणठणीत उभी असते आणि गाईड मात्र अजून गणित चुकल्याचंच सांगत असतो.

असो. पोळकर, क्र. २कडे लक्ष द्या. परांचीच्या मागे उंच कमानी आणि मधला दोन मजले उंचीचा दिवाणखाना दिसतोय ना? आयुष्यभर त्या दिवाणखान्यात काळा कोट घालून फिरलोय, डोळे मिटून ओळखेन. हे न्यायमंदिर, आपलं जुनं कोर्ट. पाठीवरचं मोडी आधी वाचून घ्या, मग बोलू.

पोळकर

पाठी टाकल्यात. क्र. २ची सर्वात वर आहे. शाई फिकी आहे, पण अक्षर टपोरं.

मोडीमास्तर

पहिली ओळ: “चिमणाबाई मारकेट काम चालू”. दुसरी: “संवत १९५१”. मधला शब्द निश्चित “मारकेट” आहे, तीनदा ताडून पाहिला.

संवत सरळ सत्तावन्नने वजा करू नका. गुजरातेत संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. त्यामुळे १९५१ म्हणजे १८९४च्या दिवाळीपासून १८९५च्या दिवाळीपर्यंत.

सौ_रावपुरा

मार्केट? मग ते न्यायमंदिर कसं? वकीलकाका, तुम्हीच सांगा आता.

कोर्टकचेरी

हेच ऐकायला थांबलो होतो.

ही इमारत बांधली ती भाजी मार्केट म्हणून. महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई, माहेरच्या तंजावरकडच्या, १८८५ साली अगदी लहान वयात गेल्या. त्यांची आठवण म्हणून हे मार्केट उठवलं. १८९६ साली इमारत उभी राहिली, तेव्हा एवढ्या वैभवशाली जागेत मेथीच्या जुड्या कशा मांडायच्या, असा प्रश्न पडला असणार. मार्केटचं कोर्ट झालं आणि नाव पडलं महाराणी चिमणाबाई न्यायमंदिर. आतल्या मधल्या हॉलमध्ये राणीसाहेबांचा पुतळा आहे. नव्या पक्षकाराला “राणीसाहेबांपाशी उभा राहा, येतोच” एवढं सांगितलं की पुरायचं.

कोर्ट म्हणून ती गैरसोयीची होती का? होतीच. मूळची मंडईची रचना, मध्ये भला मोठा दिवाणखाना. त्या हॉलमध्ये आवाज असा घुमायचा की शिपायाने पुकारलेलं नाव तिसऱ्याच पक्षकाराला आपलं वाटायचं. कपाटांनी आडोसे केलेले, दस्तऐवजांची गाठोडी कमानीत रचलेली. पावसाळ्यात सुरसागर तलावावरून येणारा वारा आत शिरला की कागद उडायचे. पण उन्हाळ्यात पंखा नसला तरी बसवत असे. उष्ण हवा वर चढायची आणि वरच्या खिडक्यांतून निघून जायची. भाजीला जे हवं तेच वकिलाला लाभलं.

२०१८ साली कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेलं. तिथे लिफ्ट आहे, पार्किंग आहे, प्रत्येक कोर्टाला वेगळी खोली आहे. तक्रारीला जागा नाही. पण दुपारच्या सुट्टीत खाली उतरून सेव-उसळ खाता येत नाही, ही माझी वैयक्तिक हरकत नोंदवून ठेवा.

क्र. २चं मोल त्या मोडी ओळीत आहे. इमारत मंडई म्हणून बांधली असं आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. इथे बांधकाम खात्यातल्या माणसाने, बांधकाम चालू असताना, पाठीवर तेच लिहून ठेवलंय.

सौ_रावपुरा

काका, मजा आली. मग क्र. ५ माझा. हा रावपुऱ्याचा टॉवर, तोही पहिल्या चिमणाबाईंच्याच स्मरणार्थ, १८९६चाच. आमच्या पिढीत पुष्कळांचा घोटाळा होतो, कारण महाराजांच्या दुसऱ्या राणीसाहेबांनाही सासरी चिमणाबाई हेच नाव मिळालं. त्या देवासकडच्या घाटग्यांच्या. स्त्रीशिक्षणासाठी धडपडणाऱ्या, पडदा मोडणाऱ्या चिमणाबाई त्या दुसऱ्या. टॉवर आणि न्यायमंदिर पहिलीचं. लक्ष्मीविलास हे नावही पहिलीच्या लक्ष्मीबाई या माहेरच्या नावावरून पडलं, असं बडोद्यात सांगतात.

पहिलीबरोबर तंजावरहून नर्तक-वादकांचा ताफाही आला होता. भरतनाट्यम बडोद्यात पोचलं ते असं. विषय सोडून झालं, पण राहवलं नाही.

टॉवर उभा आहे म्हणजे फोटो १८९६नंतरचा. रस्त्यात तारांचे खांब नाहीत, मोटार नाही. फार पुढचा नसावा.

काळाघोडा

ज्याला कुठला फोटो केव्हाचा हे लावायचं असेल त्याने बडोद्यापुरतं काय-कधी-आलं हे डोक्यात ठेवावं. कमाटीबाग १८७९. म्युझियम १८९४. न्यायमंदिर आणि टॉवर १८९६. खंडेराव मार्केट १९०६. माझ्या नावातला घोडा, महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९०७. चित्रदालनाची इमारत १९१४ला तयार, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि लोकांना ते खुलं झालं १९२१ला. कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६. सुरसागरमध्ये महादेवाचा पुतळा उभा दिसला तर फोटो आपल्या डोळ्यांदेखतचा.

काय दिसतंय यापेक्षा काय दिसत नाही यावर नजर ठेवायची. न्यायमंदिरासमोर पद्मावती शॉपिंग सेंटर नाही, मोकळं मैदान आहे, तर बहुतेक आजोबांच्या तरुणपणातला.

वाडीचा_विनू

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

क्र. १मध्ये कॉलेज काळं का दिसतंय? मी तिथेच शिकलो, इमारत लाल-विटकरी आहे. नंतर रंगवली का?

निगेटिव्हवाली

रंगवली नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. निळा उजेड त्यांना भरपूर कळायचा, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून लाल विटा काळ्याकुट्ट येतात आणि निळंभोर आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं. जुन्या फोटोंत ढग का नसतात याचंही उत्तर हेच. काही फोटोग्राफर तर दुसऱ्याच प्लेटवरचे ढग आणून वर छापायचे. एकाच स्टुडिओच्या वेगवेगळ्या इमारतींवर तोच ढग सापडला की हसू येतं.

आणखी एक. त्या मैदानात माणसं नाहीत असं तुम्हाला वाटतंय. पायऱ्यांपाशी नीट बघा, धुरासारखे डाग आहेत. ती चालणारी माणसं. प्लेटवर उजेड पडायला काही सेकंद लागायचे, तेवढ्यात जो हलला तो विरघळला. डावीकडे खांबाला टेकून बसलेला पहारेकरी मात्र पागोट्यासकट स्वच्छ आलाय, कारण तो हललाच नाही.

पांढरी अक्षरं: ती निगेटिव्हवर शाईने उलटी लिहीत. शाईतून उजेड जात नाही, म्हणून छापात पांढरी उमटतात. अक्षरं सुलट वाचता येतायत म्हणजे फोटोही सुलट आहे.

रंगारी

सगळं बरोबर, पण मी म्हणतो एवढा आटापिटा कशाला? आजकाल मोबाइलवर एका बोटात रंग भरतात. क्र. १ भरून टाकलाय, बघा किती जिवंत वाटतो. तरुण मुलं तपकिरी फोटो बघतच नाहीत, रंगीत असला तर थांबतात. मी माझ्या पानावर टाकला तर लोक धडाधड पुढे पाठवतायत.

निगेटिव्हवाली

तुम्ही टाकलेलं चित्र उघडलं. कॉलेजच्या भिंती राखाडी-काळ्या दगडाच्या केल्यात. वीट लाल आहे हे यंत्राला कुठून कळणार, त्याने काळ्याला काळंच रंगवलं. आणि पहारेकऱ्याचं पागोटं केशरी. कशावरून? वर आणखी, पायऱ्यांवरचे ते धुरकट डाग यंत्राने “साफ” केले. म्हणजे तिथून चालणारी माणसं दुसऱ्यांदा गायब.

आता हे चित्र पुढे गेलं की चार वर्षांनी कुणीतरी म्हणेल, बडोदा कॉलेज मूळचं काळ्या दगडाचं होतं, नंतर लाल रंग फासला, हा घ्या पुरावा.

रंगारी

ताई, राग नका मानू. पण तुमचे ते मूळ फोटो कपाटात पडून वाळवी खाते, त्यापेक्षा लोकांनी बघितले हे बरं की नाही?

कोर्टकचेरी

दोघांच्याही म्हणण्यात जोर आहे. तोडगा साधा आहे. रंग भरा, पण चित्राच्या आतच, खालच्या पट्टीवर “रंग नंतर भरलेले” असं लिहा. वेगळ्या ओळीत लिहिलेलं पुढे पाठवताना गळून जातं. आणि मूळ फोटो शेजारी ठेवा. कोर्टातही नक्कल चालते, पण तिच्यावर “नक्कल” असा शिक्का लागतो.

रंगारी

पट्टी टाकतो. विटाही लाल करतो. पागोटं केशरीच राहील.

निगेटिव्हवाली

😀 बरं. क्र. ३कडे वळू, माझ्या मते सगळ्यांत मौल्यवान वस्तू तीच आहे.

पोळकर, ती निगेटिव्ह नाही. मॅजिक लँटर्नची स्लाइड आहे. सव्वातीन इंच चौरस आहे का मोजा. मूळ काचेवर चित्र, त्यावर संरक्षणाला दुसरी काच, कडेने काळी पट्टी. दिव्यासमोर धरून भिंतीवर मोठं चित्र पाडायचं. कुठल्याही कोपऱ्यात कागदाचा गोल ठिपका चिकटवलाय का?

पोळकर

सव्वातीन इंच बरोब्बर. ठिपका आहे, मळकट पांढरा. मी धरलीय तशी तो खाली उजवीकडे येतो.

निगेटिव्हवाली

मग तुम्ही उलट बाजूने धरलीय. चित्र डोळ्यांना सुलट दिसेल अशी काच धरली की ठिपका खाली डावीकडे यायला हवा, तशी पद्धत होती. अंधारात दिवा चालवणारा अंगठ्याने ठिपका चाचपायचा आणि काच खाचेत सरकवायचा. तुमच्या मोबाइल फोटोत सुरसागरचा डावा काठ उजवीकडे गेलाय.

सौ_रावपुरा

थांबा थांबा. मला ठिपक्याबिपक्यातलं कळत नाही, पण काठावरच्या बायका बघून मलाही तेच वाटलं होतं. बहुतेक जणींचा पदर पोळकरांच्या फोटोत डाव्या खांद्यावर पुढे आलेला दिसतोय. आपण मराठी माणसं म्हणणार, बरोबर आहे, पदर डाव्याच खांद्यावर असतो. पण त्या गुजराती नेसणीतल्या आहेत, त्यांचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. आणि पायरीवर धुणं आपटायचं थांबवून इकडे बघणारी नऊवारीतली बाई, कासोटा दिसतोय तिचा, तिचा पदर उजव्या खांद्यावर दिसतोय. नऊवारीचा पदर उजवीकडे? माझ्या सासूबाईंनी घरात घेतलं नसतं.

चित्र उलट केलं की दोघी जागेवर येतात.

कोर्टकचेरी

मान्यवर न्यायालयाने साक्षीदाराचं म्हणणं जसंच्या तसं स्वीकारलं आहे.

मोडीमास्तर

वा! पुराव्याला पदर, हे पहिल्यांदाच पाहिलं.

काळाघोडा

ही स्लाइड कुठून आली असेल याचा एक धागा माझ्याकडे आहे. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना आणून संस्थानभर ग्रंथालयं उभारली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतल्या पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा बघितल्या नसतील तर जरूर जा. खालच्या मजल्यावर उभं राहिलं की वरच्या मजल्यावर चालणाऱ्याची सावली दिसते. त्या ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगाव जाऊन लँटर्नवर चित्रं दाखवायची, पुढे सिनेमाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ग्रंथालयाचा उपयोग व्हावा हा हेतू.

कारकूनबुवा बांधकाम खात्यातले, त्यांच्याकडे ग्रंथालयाची काच कशी, ते सांगता येणार नाही. पण बडोद्यात अशा काचा बनवणारे हात होते. कलाभवन १८९०चं, त्रिभुवनदास गज्जर यांचं. तिथे रंगकाम, सुतारकाम याबरोबर फोटोग्राफी आणि छपाईचे ठसे करणंही शिकवायचे. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, आणि गज्जरांनी फोटोची प्रयोगशाळा त्यांच्या हाती सोपवली होती. सिनेमा काढायच्या वीस-बावीस वर्षं आधीची ही गोष्ट.

करवीरकर

म्हणजे पोळकरांच्या ट्रंकेतला एखादा फोटो फाळक्यांचा निघाला तर?

कोर्टकचेरी

तसं म्हणायला गेलं तर बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात एक पणजोबा असे असतात जे अरविंदबाबूंच्या (योगी अरविंद घोषांच्या) इंग्रजीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. अरविंदबाबू इथे १८९३ ते १९०६, आणि बाक किती असतील ते बघा. छाप सापडल्याशिवाय नाव घेऊ नये.

पोळकर

काका, क्र. ४बद्दल घरात अगदी हेच सांगतात. 🙂 खुर्चीवरचे साहेब प्रिन्सिपॉल, मागच्या रांगेतला तिसरा म्हणजे पणजोबा, वगैरे.

निगेटिव्हवाली

क्र. ४ची पाठ पाहिली. फिकट पेन्सिलीत दोन नावं आहेत आणि एका नावापुढे “मयत” लिहिलंय. नावं इथे उघड टाकू नका. पण घरच्या वंशावळीशी ताडून बघा. मयत हा शब्द नंतर दुसऱ्या हाताने, शाईने लिहिलाय.

कारेलीबाग_पूर

सगळ्यांची माफी मागून एक गरजेचा प्रश्न. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात आलं होतं. अल्बम तेव्हापासून पिशवीत बांधून ठेवलेत. पानं एकमेकांना चिकटलीत. त्यात आजोबांनी काढलेले कीर्तिमंदिराचे, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं चालू असतानाचे फोटो आहेत म्हणतात. काही करता येईल का?

निगेटिव्हवाली

आधी पिशवीतून काढा, आजच. बंद पिशवीत बुरशी वाढते. तोंडाला मास्क बांधा.

एव्हाना ते वाळलेले आहेत, त्यामुळे ओढून पानं सुटी करू नका, चेहऱ्यावरचा थर समोरच्या पानाला जाईल. सुटी असतील ती तेवढी टीपकागदावर, चित्र वर करून, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून लांब ठेवा. ऊन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. मऊ कोरड्या ब्रशने बुरशी गच्चीत नेऊन झटका, घरात नको. चिकटलेला गठ्ठा तसाच, सपाट, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि फोटो-संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

पुढच्या पुरासाठी सगळ्यांनाच सांगते. फोटो ओले असतानाच हाती लागले तर काम सोपं असतं. साधे जिलेटिनचे फोटो स्वच्छ थंड पाण्याच्या ताटात अलगद धुवून पसरायचे. एकदम शेकड्याने असतील तर मेणकागद मध्ये घालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने थोडे थोडे काढा. काचेच्या प्लेटांना मात्र फ्रीझर नको, पाण्यात बुडवणंही नको. त्या उभ्या टेकवून हवेवर वाळू द्या.

भित्तिचित्रं चालू असतानाचे म्हणालात? तो काळ १९३९ ते ४६. असे फोटो खरोखर असतील तर नुसते घरचे नाहीत ते.

कारेलीबाग_पूर

आभारी आहे ताई. पिशव्या गच्चीवर नेल्या.

वाडीचा_विनू

नजरबागचा एखादा फोटो आहे का कुणाकडे? दागिने, सोन्याची तोफ, सगळं तिथे ठेवायचे असं आजी सांगायची. वाडा तर पाडला.

काळाघोडा

तोफेचा आहे, सजवलेल्या बैलांसकट, पण छापील पोस्टकार्ड. भिंगातून ठिपके दिसतात, म्हणजे ठशावरून छापलेलं. वाड्याच्या दर्शनी भागाचा कुणाकडे असेल तर इथे टाकाच. पाडलेल्या इमारतीचा फोटो कॉलेजच्या फोटोच्या दसपट कामाचा. कॉलेज उद्या जाऊनही मोजता येईल.

पोळकर

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. भावाला फ्रेमसाठी क्र. ५ची नक्कल करून देतोय, मूळ नाही. सगळ्यांच्या दोन्ही बाजू सहाशे डीपीआयवर, कडा न कापता स्कॅन करून घेतोय, या वेळी स्वतः समोर बसून. क्र. ३ची काच वर्तमानपत्रात होती, ती आता आम्लरहित कागदाच्या पाकिटात उभी ठेवलीय. क्र. २ची पाठ मोडीमास्तरांना मोठी करून पाठवतो, कारण पुठ्ठा उजेडात तिरका धरल्यावर दुसऱ्या ओळीखाली आणखी काहीतरी खरडल्यासारखं दिसतंय.

मोडीमास्तर

पाठवा. तिरक्या उजेडातच काढा, डावीकडून एक आणि वरून एक. रकमेसारखं वाटतंय, रुपये-आण्यांच्या उभ्या रेघा आहेत.